फोनवर लख्ख, पुस्तकात धूसर! फोटोबुक छापण्याआधी ‘मूळ’ फोटो का शोधायचे?

लग्न, पंच्याहत्तरी, बारसे किंवा सहलीच्या आठवणींचे फोटोबुक छापून घेण्याची हौस वाढली आहे. पण मोबाइलवर सुरेख दिसणारे फोटो कागदावर उतरताना फसतात. असे का होते? छपाईसाठी फोटो कसे तयार करावेत? जुन्या अल्बममधल्या फोटोंचे काय करायचे?

आजीची पंच्याहत्तरी दोन महिन्यांवर आलेली असते. हॉल ठरतो, जेवणाचा बेत ठरतो आणि नातवंडांच्या डोक्यात कल्पना येते, आजीच्या आयुष्याचे फोटोबुक करायचे. लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश पडतो, ‘सगळ्यांनी आजीचे फोटो टाका!’ दोन दिवसांत दीड-दोनशे फोटो जमतात. फोनवर एकापेक्षा एक छान. पुस्तक छापून हातात येते तेव्हा मात्र कव्हरवरचा आजीचा चेहरा पुसट, घरातल्या एकत्र फोटोत मागच्या रांगेतले काका ओळखू न येणारे आणि हळदीचे फोटो काळपट.

हा अनुभव अनेक घरांना ओळखीचा वाटेल. अशा वेळी खापर छापणाऱ्यावर फुटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा घोळ ग्रुपवरच्या त्या पहिल्या संदेशापासूनच सुरू झालेला असतो. फोटोबुक चांगले होणार की नाही, हे पानांची सजावट करण्याआधीच, म्हणजे फोटो कुठून आणि कसे गोळा केले यावर ठरते.

फोनवर स्पष्ट, कागदावर धूसर, असे का?

डिजिटल फोटो म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी. यातल्या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. फोनचा पडदा लहान असतो. अनेक फोनच्या पडद्याची रुंदी १०८० पिक्सेलच्या आसपास असते. फोन उभा धरून आडवा फोटो पाहिला तर तेवढेच पिक्सेल कामी येतात. फोटोत त्याहून जास्त तपशील आहे की नाही, हे पडद्यावर कळतच नाही.

कागदाची भूक मोठी असते. हातात धरून पाहायच्या पुस्तकासाठी दर इंचाला ३०० पिक्सेल हे प्रमाण चांगले मानले जाते. २०० पर्यंत काम भागते. १५० च्या खाली गेले की धूसरपणा जाणवू लागतो. त्यामुळे हिशेब सोपा आहे : फोटोच्या लांबीचे पिक्सेल भागिले ३००, म्हणजे तो फोटो किती इंचांपर्यंत उत्तम छापला जाईल याचे उत्तर.

१२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा असतो. तो सुमारे १३ बाय १० इंचांपर्यंत उत्तम छापता येतो. ए-४ आकाराचे पूर्ण पान भरायला त्याची लांबी पुरून उरते. लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये नेहमी दिसणारा आकार १२ बाय ३६ इंच. म्हणजे अल्बम उघडल्यावर दोन्ही पाने मिळून ३६ इंच रुंदी. त्यातल्या एका पानावर, म्हणजे १८ इंचांवर, हा फोटो लावला तर इंचाला २२४ पिक्सेल मिळतात, ठीक आहे. पण तोच फोटो दोन्ही पानांवर पसरला की प्रमाण ११२ वर घसरते.

फोटोचे पिक्सेल पाहणे अवघड नाही. अँड्रॉइड फोनच्या गॅलरीत फोटो उघडून ‘डिटेल्स’ पाहावे. आयफोनवर फोटोखालचे ‘आय’ हे चिन्ह दाबावे. तिथे दोन आकडे गुणाकाराच्या चिन्हासह दिसतात. तेच महत्त्वाचे. काही सॉफ्टवेअर फोटोपुढे ‘७२ डीपीआय’ असे दाखवते आणि लोक घाबरतात. ती केवळ फाइलवर लिहिलेली नोंद असते. ७२ चे ३०० केल्याने फोटोत एकही नवा तपशील येत नाही आणि ७२ लिहिले म्हणून काही बिघडतही नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचे नेमके काय होते?

फोटो झटपट पोहोचावा, डेटा कमी खर्च व्हावा म्हणून व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करते. अशा फोटोची लांब बाजू बऱ्याचदा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. वरचे सूत्र लावले तर तो पाच-सव्वापाच इंचांपर्यंतच उत्तम छापला जाईल. ए-४ पानभर छापायचा म्हटला तर इंचाला जेमतेम १३७ पिक्सेल.

एकट्या माणसाच्या फोटोत हे एक वेळ खपून जाते. खरी अडचण घरातल्या एकत्र फोटोत होते. एका रांगेत दहा माणसे उभी असतील, तर १६०० पिक्सेलमधून प्रत्येकाच्या वाट्याला १६० पिक्सेल रुंदी येते आणि चेहऱ्याला त्याच्या निम्मीही नाही. मूळ १२ मेगापिक्सेलच्या फोटोत तोच वाटा चारशेचा असतो. मागच्या रांगेतले काका ओळखू येतात की नाही, ते या फरकावर ठरते.

नुसता आकारच घटतो असेही नाही. फाइल हलकी करताना ‘जेपेग’ पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी केला जातो. फार दाबून लहान केलेल्या फोटोत केस, साडीचे काठ, झाडांची पाने चिखल झाल्यासारखी दिसतात, ती यामुळे. एकदा गेलेला तपशील परत आणता येत नाही.

तिसरे नुकसान लक्षातच येत नाही. फोटो कधी आणि कुठे काढला याची नोंद मूळ फाइलमध्ये दडलेली असते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवताना ती गळून पडते. अँड्रॉइड फोनवर अशा फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे दिसतात आणि नावातली तारीख व्हॉट्सॲपवरची असते. २०१२ मधल्या काशीयात्रेचा फोटो काल मिळाला, तर तो कालचा म्हणूनच नोंदला जातो. दोनशे फोटो काळाप्रमाणे लावायला बसले की मग डोके धरायची वेळ येते.

२०२३ पासून व्हॉट्सॲपवर ‘एचडी’चा पर्याय आहे. त्यामुळे जास्त पिक्सेल जातात, म्हणून नेहमीच्या पद्धतीपेक्षा तो बरा. पण त्यातही फाइल दाबली जातेच; तो मूळ फोटो नव्हे.

मग फोटो मागवायचे कसे?

सगळ्यात सोपा उपाय व्हॉट्सॲपमध्येच आहे. फोटो जोडताना ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय निवडायचा. मग फाइल जशी आहे तशी, तारखेच्या नोंदीसह पोहोचते. २०२२ पासून या मार्गाने २ जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते.

फोटो जास्त असतील तर गुगल ड्राइव्हवर एक फोल्डर करून त्याची लिंक सगळ्यांना द्यावी किंवा गुगल फोटोजवर सामायिक अल्बम करावा. गुगल फोटोजच्या ‘स्टोरेज सेव्हर’ पर्यायात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो १६ पर्यंत लहान केले जातात. शक्य तर मूळ फाइलच घ्यावी, पण पुस्तकाच्या एका पानासाठी १६ मेगापिक्सेलही भरपूर होतात. आयफोनवर जागा वाचवण्यासाठी ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ सुरू असेल, तर फोनमध्ये लहान प्रत आणि आयक्लाउडवर मूळ फोटो असतो. अशा वेळी मूळ फोटो पूर्ण उतरवून घेतल्यावरच पुढे पाठवावा.

आयफोनचे फोटो २०१७ पासून अनेकदा ‘एचईआयसी’ या प्रकारात असतात. काही फोटोबुक ॲप आणि लॅबमधले जुने संगणक ती फाइल उघडत नाहीत. तसे असेल तर सर्वोच्च दर्जा ठेवून तिचे जेपेग करावे. फोटो उघडून त्याचा स्क्रीनशॉट काढणे हा त्यावरचा उपाय नाही. स्क्रीनशॉटमध्ये पडद्याएवढेच पिक्सेल येतात. इन्स्टाग्राम, फेसबुकवरून उतरवलेल्या फोटोंचेही तेच. तिथेही फोटो लहान होऊनच चढलेला असतो.

यात घाई करण्याचे कारण वेगळे आहे. फोन बदलतो, ‘मेमरी फुल’ म्हणून गॅलरी साफ होते, जुना फोन एक्स्चेंजमध्ये जातो. ज्या भाच्याने फोटो काढला त्याच्याकडची मूळ फाइल एकदा गेली, की ग्रुपवरची लहान प्रत हीच त्या प्रसंगाची एकमेव खूण उरते. लग्नाच्या फोटोग्राफरकडचे मूळ फोटोही कायम राहतील असे धरून चालू नये. ते पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर लगेच मागून घेतलेले बरे.

कपाटातल्या जुन्या फोटोंचे काय?

पंच्याहत्तरीच्या पुस्तकातली निम्मी पाने मोबाइलच्या आधीची असतात. फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे काचेवर फोटो पालथा ठेवायचा यंत्र, हा उत्तम मार्ग. घरातल्या ऑल-इन-वन प्रिंटरमध्येही तो असतो. फोटो आहे त्याच आकारात छापायचा तर ३०० डीपीआय पुरते. दुप्पट करायचा तर ६०० हवे. पासपोर्ट आकाराचा, म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन केला तर साडेपाच बाय सात इंचांपर्यंत छापण्याएवढे पिक्सेल मिळतात. अर्थात मूळ छापील फोटोतच जेवढा तपशील आहे तेवढाच मिळणार. आकडा वाढवत नेल्याने तो वाढत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेत असाल तर तीन गोष्टी आधीच सांगाव्यात : ‘फोटो मोड, रंगीत, ६०० डीपीआय.’ नाहीतर कागदपत्रांसाठी ठेवलेल्या कमी डीपीआयवरच फोटो स्कॅन होतो आणि चेहऱ्यावरच्या सावल्या उडून जातात. कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करावा. त्याची तपकिरी झाक टिकते, नको असेल तर नंतर काढता येते.

घरात निगेटिव्ह सापडल्या तर त्या सोन्यासारख्या जपाव्यात. ३५ मिमी फिल्मची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. २४०० डीपीआयवर स्कॅन केली तर सुमारे २२७० बाय ३४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे जवळजवळ ए-४ पानाएवढे. फिकट झालेल्या छापील फोटोपेक्षा निगेटिव्हमधून बऱ्याचदा चांगले चित्र निघते.

आपल्याकडच्या दमट हवेत फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असतो. तो ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेबरोबर निघून येतो. काचेसह स्कॅन करावा. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधले फोटोही निघत नसतील तर पानासकट स्कॅन करावेत. फोटोवरची धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी. ओला कपडा लावू नये.

स्कॅनर नसेल तर फोन चालतो, पण पद्धत हवी. फोटो खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा जागी सपाट ठेवावा. फ्लॅश बंद. फोन फोटोला समांतर धरावा, म्हणजे चौकट तिरकी येत नाही. चकाकी येत असेल तर गुगलचे फोटोस्कॅन ॲप उपयोगी पडते. ते वेगवेगळ्या कोनांतून चित्रे घेऊन चकाकी कमी करते.

डोकी का कापली जातात?

फोन बहुतेक वेळा ४:३ प्रमाणात फोटो काढतो, मोठे कॅमेरे ३:२ प्रमाणात. पुस्तकाचे पान कधी चौकोनी असते, कधी लांबट. चौकट बदलली की काहीतरी कापले जाणारच. ४:३ चा फोटो साध्या ४ बाय ६ इंची प्रिंटवर पूर्ण भरला तरी त्याची उंची सुमारे ११ टक्के कमी होते. फोटोत डोक्याच्या वर जागाच सोडलेली नसेल, तर कात्री थेट फेट्यावर किंवा मुंडावळ्यांवर चालते. फोटोबुकचे ॲप आपोआप पाने लावते तेव्हा हा धोका जास्त. प्रत्येक पान स्वतः पाहावे आणि फोटो चौकटीत हवा तसा सरकवून घ्यावा.

क्रॉप करताना पिक्सेलही जातात, हे विसरायला होते. १२ मेगापिक्सेलच्या फोटोतून रुंदी आणि उंची निम्मी करून एकच चेहरा उचलला तर उरतात ३ मेगापिक्सेल. तो फोटो पावणेसात बाय पाच इंचांच्या पलीकडे नेऊ नये.

छापल्यावर पुस्तकाच्या कडा यंत्रावर कापल्या जातात आणि कापताना मिलिमीटरभर इकडेतिकडे होतेच. म्हणून पानभर फोटो कडेच्या बाहेर थोडा जास्त, साधारणपणे ३ मिलिमीटर, ठेवतात. याला ‘ब्लीड’ म्हणतात. नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते. चेहरे आणि मजकूर मात्र कडेपासून किमान एक सेंटिमीटर आत हवेत.

दोन पानांच्या मधली घडी ही दुसरी जागा. नेहमीच्या पुस्तकी बाइंडिंगमध्ये मधला काही भाग घडीत जातो. पूर्ण सपाट उघडणाऱ्या, ‘लेफ्लॅट’ बाइंडिंगमध्ये तो दिसतो, पण मधोमध घडीची रेघ राहतेच. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत नवरा-नवरी मधोमध असतील तर ती रेघ नेमकी त्यांच्यामधून किंवा चेहऱ्यावरून जाते. असा फोटो निवडताना माणसे एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला देऊळ, समुद्र, मांडव असे काही असलेला निवडावा.

छापील फोटो काळपट का येतात?

पडदा स्वतः उजेड देतो; कागदावर पडलेला उजेड परत येतो, तेव्हा तो दिसतो. त्यामुळे पूर्ण ब्राइटनेसवर निवडलेला फोटो कागदावर हमखास गडद वाटतो. फोटो तपासताना ब्राइटनेस निम्म्यावर आणावा, डोळ्यांना आराम देणारा पिवळसर ‘नाइट मोड’ बंद करावा, रंग भडक दाखवणारा ‘व्हिव्हिड’ मोड असेल तर ‘नॅचरल’ करावा. एवढे करूनही चेहरा सावलीत वाटत असेल तर तो थोडा उजळावा. पूर्ण फोटोचा उजेड वाढवण्यापेक्षा ‘शॅडोज’ ही पट्टी थोडी सरकवलेली चांगली. पांढऱ्या सदऱ्यावरच्या सुरकुत्या उडत नाहीत.

पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळतो. छापखाना निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई. पडद्यावरचे काही रंग शाईत उतरतच नाहीत. झेंडूचा झळाळता केशरी, पोपटी शालू, मांडवातले निळे-जांभळे एलईडी हे रंग पुस्तकात थोडे शांत दिसतात. ही चूक नव्हे, शाईची मर्यादा आहे. रंग आणखी भडक केले तर उलट साडीच्या चुण्यांचा तपशील जाऊन एकसंध डाग उरतो.

लॅबने वेगळे काही सांगितले नसेल तर फाइल ‘एसआरजीबी’ या रंगपद्धतीतच द्यावी. १९९६ मध्ये पुढे आलेली ही पद्धत बहुतेक लॅब गृहीत धरतात. ‘सीएमवायके’ मध्ये बदल आपणहून करू नये. ते काम लॅबचे यंत्र आणि त्यांचा कागद ओळखणाऱ्यांचे. कागद निवडतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्लॉसी कागदावर काळा रंग गडद उतरतो, पण चकाकी आणि बोटांचे ठसे दिसतात. मॅट कागद डोळ्यांना सुखावतो, मात्र त्यावर फोटो थोडे सौम्य वाटतात. जुन्या फोटोंचे पुस्तक मॅटवर शोभते.

एआयने फोटो ‘सुधारून’ घ्यावा का?

पिक्सेल कमी पडले की आता बोट एआय ॲपकडे जाते. एका क्लिकवर धूसर फोटो लख्ख. यातली मेख अशी, की ॲप हरवलेला तपशील शोधून आणत नाही. तिथे काय असू शकेल याचा अंदाज बांधून ते नवे चित्र रंगवते. डोंगर, भिंत, झाडे यांच्या बाबतीत हा अंदाज चालून जातो. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र डोळे जरा मोठे होतात, त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते, दातांची ठेवण बदलते. पणजीच्या कपाळावरचे गोंदण डाग समजून पुसले जाऊ शकते आणि नथीचे मोती भलत्याच आकाराचे होऊ शकतात. फोटो सुंदर होतो, पण त्यातली बाई पणजी राहत नाही. ज्यांनी तिला पाहिले नाही त्या पुढच्या पिढीला हा फरक कधीच कळणार नाही.

म्हणून लहान किंवा धूसर फोटो लहानच छापावा. पानाच्या मधोमध तीन इंचांचा फोटो आणि भोवती मोकळी जागा, अशी मांडणी फुगवलेल्या फोटोपेक्षा नीटनेटकी दिसते. ओरखडे, पाण्याचे डाग, घडीची रेघ काढायला हरकत नाही. चेहऱ्याला हात लावू नये आणि मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवावा. कोणताही बदल मूळ फाइलच्या प्रतीवरच करावा. तीच जेपेग फाइल पुन्हा पुन्हा उघडून बदलून सेव्ह केली की दर वेळी तिचा दर्जा थोडा घसरतो.

मराठी मजकूर छापताना काय सांभाळावे?

फोटोंवर एवढी मेहनत घेतली आणि खाली ‘वऱ्हाड’ हा शब्द मोडून छापला गेला, असे होऊ शकते. परदेशी फोटोबुक सॉफ्टवेअर किंवा जुनी डिझाइन सॉफ्टवेअर देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवत नाहीत. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, ‘पायऱ्या’मधला र तुटतो, ‘ज्ञ’ फुटतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा. मुक्ता, बालू किंवा टिरो देवनागरी मराठी असे मोफत मिळणारे फॉन्ट वापरता येतात. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. मराठी वळण हवे असेल तर आधी ही दोन अक्षरे पाहावीत. ॲप देवनागरी घेतच नसेल तर ओळ चित्र म्हणून तयार करून फोटोप्रमाणे लावता येते. त्या चित्रालाही ३०० चे माप लागू होते.

मजकूर काय लिहायचा, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. ‘गोड आठवणी’ या दोन शब्दांनी कुणालाच काही कळत नाही. साल, गाव, प्रसंग आणि ‘डावीकडून उभे’ या पद्धतीने नावे लिहावीत. मागच्या रांगेत उभी असलेली परकरातली मुलगी कोण, हे कदाचित एकट्या आजीला ठाऊक असते. पानांची जुळवाजुळव सुरू करण्याआधी एक दुपार तिच्याजवळ बसावे, फोटो एकेक दाखवावेत आणि फोनवर तिचे बोलणे रेकॉर्ड करून ठेवावे. ही माहिती कोणत्याही मूळ फाइलमध्ये सापडत नाही.

किती फोटो घ्यायचे आणि शेवटी काय तपासायचे?

फिल्मच्या काळात रोलमध्ये ३६ फोटो असत, म्हणून प्रत्येक फोटो जपून काढला जाई. आता एका संध्याकाळचे चारशे फोटो निघतात. ते सगळे पुस्तकात कोंबले की प्रत्येक फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो. एका पानावर सरासरी दोन-तीन फोटो धरावेत. प्रत्येक प्रसंगाचा एक मुख्य फोटो मोठा घ्यावा, बाकीचे त्याच्या आधाराला. एकाच पोझचे पाच फोटो असतील तर प्रत्येक फोटो मोठा करून डोळे पाहावेत. ज्यात डोळे स्पष्ट आहेत तो ठेवावा.

फोटोबुकचे ॲप कमी पिक्सेल असलेल्या फोटोवर इशाऱ्याचे चिन्ह दाखवते. त्याकडे दुर्लक्ष करू नये. पण चिन्ह आले नाही म्हणून निश्चिंतही राहू नये. ॲप फक्त पिक्सेल मोजते. हललेला, दाबून खराब झालेला किंवा एआयने फुगवलेला फोटो त्याला ओळखता येत नाही. तो आपल्याच डोळ्यांनी पाहावा लागतो, शक्य तर मोठ्या पडद्यावर आणि पूर्ण आकारात.

ऑर्डर देण्याआधी चार-पाच निवडक फोटो जवळच्या लॅबमध्ये ४ बाय ६ आकारात छापून पाहावेत. एक हळदीचा, एक रात्रीचा, एक जुना कृष्णधवल, एक एकत्र फोटो. दिवसा, खिडकीजवळ पाहावेत. उजेड कमी पडतो का, हे त्यावरून कळते. त्यानंतर पुस्तकाची पीडीएफ अशा माणसाला वाचायला द्यावी, ज्याने ती बनवलेली नाही. नावांच्या चुका त्यालाच दिसतात.

पुस्तक आल्यावर मूळ फोटो पुसून टाकू नयेत. मूळ फाइल, स्कॅन, आजीचे रेकॉर्डिंग आणि अंतिम पीडीएफ एका फोल्डरमध्ये घालून दोन ठिकाणी ठेवावी. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी क्लाउडवर. पुस्तक पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीलगतच्या कपाटात ठेवू नये.

एवढे सगळे सुरू होते एका संदेशापासून. तो असा पाठवता येईल : ‘मंडळी, आजीच्या फोटोबुकसाठी फोटो हवेत. इथे ग्रुपवर फोटो म्हणून टाकू नका. ज्याच्या फोनने फोटो काढला त्यानेच मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा खालच्या लिंकवर चढवा. स्क्रीनशॉट नको, फिल्टर नको. कपाटात जुने फोटो, निगेटिव्ह असतील तर काढून ठेवा, रविवारी येऊन स्कॅन करून नेऊ. फोटोत कोण कोण आहे तेही लिहा. आणि तोपर्यंत कुणीही गॅलरी साफ करू नका.’